मुलींच्या पावतीत शहर कर घालू नका, आधी नोटीस नीट वाचा

सोलापुरातनं एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. विजापूर रोडच्या बाजूला त्यांच्या ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे, खाली अभ्यासिका आणि वर खोल्या. अक्कलकोट, मंगळवेढा, मंद्रूप, करमाळा इकडच्या गावांतल्या ४० मुली तिथं राहून शहरातल्या वेगवेगळ्या कॉलेजांत शिकतात. जेवणासकट महिन्याला दीड हजार घेतात, बाकीचं देणगीतनं भागवतात. यंदा मिळकत कराच्या फेरआकारणीची नोटीस आली, त्यात वापर बिगरनिवासी धरलाय आणि आकडा बघून सगळे हबकलेत. मीटिंगमध्ये एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले की अमेरिकेत शहरं कॉलेजच्या पोरांवर सरळ कर लावतात, मग आपणही दर मुलीमागे महिन्याला १५० रुपये शहर कर म्हणून पावतीत घेऊ. त्याच मीटिंगमध्ये दुसरा विषय निघाला, ऑफिसचा कॉम्प्युटर जुना झालाय, अजून विंडोज १० वर आहे, आणि दुकानदारानं दोन नवे कॉम्प्युटर, प्रिंटर, ऑफिस, अकाउंटिंग आणि वसतिगृहाचं सॉफ्टवेअर असं सगळं मिळून दोन लाखाच्या आसपास कोटेशन दिलंय. ताई विचारतात, मुलींकडनं घ्यावं का, मुलींना बाकीचे कुठले कर लागतात, आणि हे दोन लाख आणायचे कुठनं.

ताई, मुलींकडनं ते दीडशे रुपये घेऊ नका. मला त्या मुलींचं वाईट वाटतं म्हणून सांगतेय असं समजू नका, वाटतं ते आहेच, पण त्याच्या आधी सरळ हिशोब आहे. ते पैसे घेतले तर ज्या करमाफीसाठी तुम्ही अर्ज करू शकता तीच हातातनं जायची शक्यता वाढते. हे कसं ते पुढं सांगते, आधी अमेरिकेचं बघू, कारण विश्वस्त काका खोटं बोलले नाहीत, अर्धीच गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीय.

पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग म्हणून शहर आहे, एकेकाळी पोलादाच्या कारखान्यांचं गाव, कारखाने गेले आणि मग विद्यापीठं आणि हॉस्पिटलं यांच्यावर शहर उभं राहिलं. २००९ च्या नोव्हेंबरात तिथले महापौर ल्यूक रॅव्हनस्टाल यांनी कॉलेजच्या ट्यूशन फीवर १ टक्का कर लावायचा प्रस्ताव आणला. वर्षाला साधारण १ कोटी ६२ लाख डॉलर मिळतील असा अंदाज होता आणि ते पैसे मुख्यतः निवृत्त पालिका कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा खड्डा भरायला हवे होते. कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्याला वर्षाला २७ डॉलरच्या आसपास आणि कार्नेगी मेलनसारख्या महागड्या ठिकाणी ४०० डॉलरच्या आसपास बसणार होते. पोरं रस्त्यावर आली, कॉलेजं विरोधात गेली, आणि २१ डिसेंबरला म्हणजे दीड महिन्यात तो प्रस्ताव मागं घेतला गेला, कारण पिट्सबर्ग विद्यापीठ, कार्नेगी मेलन आणि एक मोठी आरोग्य विमा कंपनी यांनी आपणहून शहराला जास्त मदत द्यायचं कबूल केलं. म्हणजे पोरांकडनं त्या कराचा एक डॉलरसुद्धा वसूल झाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच प्रॉव्हिडन्स शहराच्या महापौरांनी खासगी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर दर सेमिस्टरला १५० डॉलर लावायचं काढलं होतं, तेही अमलात आलं नाही.

यात आपल्या कामाचं काय आहे सांगते. त्या दोन्ही शहरांचं खरं दुखणं वेगळंच होतं, विद्यापीठांच्या आणि हॉस्पिटलांच्या मिळकतींना कर माफ, त्यामुळे शहरातली मोठी जमीन कराच्या बाहेर, आणि रस्ते, पाणी, अग्निशमन तर त्यांनाही पुरवावं लागतंच. भांडण शहर आणि संस्था यांच्यात होतं आणि बिल मात्र पोरांच्या नावानं काढायला निघाले होते. तुमच्याकडं बघा, भांडण मनपाचा कर विभाग आणि तुमचा ट्रस्ट यांच्यात आहे, तेसुद्धा भांडण म्हणण्याइतकं नाहीये, एक आकारणी आहे जिच्यावर हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात मंद्रूपच्या पोरीचा काय संबंध.

आणि आपल्याकडं विद्यार्थ्यांवर शहर कर असा काही प्रकार कायद्यात नाहीये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा, त्याच्या कलम १२७ मध्ये पालिकेनं कुठले कर लावायचे ते दिलंय, मिळकत कर आहे, गाड्या-जनावरांवरचा आहे, थिएटरांवरचा आहे, कुत्र्यांवरचासुद्धा आहे, शिकणाऱ्या पोरांवरचा नाही. यापलीकडं नवीन कर काढायचा तर राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय जमत नाही. आणि जो कर पालिकाच लावत नाही तो एखाद्या ट्रस्टनं आपल्या पावतीवर छापायचा म्हणजे उद्या एखाद्या मुलीचे वडील पावती घेऊन महापालिकेच्या इंद्रभुवनात गेले आणि हा कुठला कर असं विचारलं तर उत्तर कोण देणार? पावतीवर सही तुमची असणार ताई, काकांची नाही.

मुलींच्या बाकीच्या करांचं विचारलंय तुम्ही, ते पटकन सांगते. व्यवसाय कर राज्याचा असतो, पालिकेचा नाही, आणि तो कमावणाऱ्याला लागतो. तुमच्यातली एखादी मुलगी संध्याकाळी दुकानात किंवा कॉल सेंटरला काम करत असेल तरी एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारापर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. जीएसटीची भीती मध्ये सगळ्याच होस्टेलवाल्यांना बसली होती, २०२३ मध्ये १२ टक्के लागेल अशा बातम्या आल्या होत्या, पण जून २०२४ च्या कौन्सिल मीटिंगनंतर जुलैपासून माणशी महिना २० हजारापर्यंतचं आणि सलग किमान ९० दिवसांचं राहणं करमुक्त झालंय, तुमचे दीड हजार त्याच्या कुठं जवळपासही नाहीत. ज्या मुली क्लासला जातात त्या क्लासच्या फीवर मात्र १८ टक्के जीएसटी भरतातच, क्लास रजिस्टर असेल तर. म्हणजे या पोरी कर भरत नाहीत हे मुळात खरं नाही, साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत भरतात.

आता मूळ मुद्द्यावर येऊ, नोटीस. त्याच अधिनियमाचं कलम १३२ बघा, तुमच्या वकिलांना किंवा सीएंना दाखवा. त्यात असं आहे की जी इमारत किंवा इमारतीचा जो भाग निव्वळ सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरला जातो त्याला सर्वसाधारण कर लागत नाही. पण त्याच कलमात पुढं असंही आहे की जिथं धंदा चालतो किंवा जिथनं भाडं मिळतं त्या भागाला ही माफी नाही, मग ते भाडं चांगल्या कामाला खर्च होत असलं तरी. म्हणून मी वर म्हणलं, दीडशे रुपये वाढवू नका. आज तुम्ही सांगू शकता की महिन्याचे दीड हजार म्हणजे दोन वेळचं जेवण, लाईट आणि पाण्याचा टँकर यातच संपतात, उलट ट्रस्टला पदरचे घालावे लागतात, राहण्याचं भाडं आम्ही घेतच नाही, आणि हे सांगायला तुमच्याकडं किराणा, गॅस, टँकर, वीज यांची बिलं पाहिजेत. उद्या इमारतीच्या करासाठी म्हणून मुलींकडनं वेगळी रक्कम घेतली की ती इमारतीच्या वापराबद्दल घेतलेली रक्कम झाली, म्हणजे भाड्याच्या शेजारी जाऊन बसली. वर्षाचे ७२ हजार गोळा कराल आणि त्याच पावत्या तुमच्याविरुद्ध कागद म्हणून फाईलला लागतील.

माफी मिळेलच असं मी छातीठोकपणे सांगत नाही, ते कागद बघून ठरतं, आणि मिळाली तरी बिल शून्यावर येणार नाही हेही विश्वस्तांना आधीच सांगून ठेवा. सर्वसाधारण कर हा बिलातला एक भाग असतो, त्याच्या खाली पाणीपट्टी, साफसफाई, शिक्षण कर, वृक्ष कर असे बाकीचे रकाने असतात आणि या माफीचा त्यांच्याशी संबंध नाही. पण सर्वसाधारण कर हाच सहसा मोठा आकडा असतो त्यामुळे तिथं फरक पडला तर जाणवेल.

बिगरनिवासीचा मुद्दा वेगळा. मुली तिथं राहतात, झोपतात, जेवतात, मग ते निवासी नाही तर काय, असं आपल्याला वाटतं, पण पालिकेच्या ठरावात वापराचे प्रकार आणि त्यांचे दर ठरलेले असतात आणि वसतिगृह कुठल्या रकान्यात टाकलंय ते बघितल्याशिवाय नुसतं वाटून उपयोग नाही. त्या ठरावाची नक्कल मागा. सरळ मिळाली तर ठीक, नाहीतर माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो म्हणून फाफटपसारा न लिहिता नेमका ठराव आणि तुमच्या मिळकतीचा मोजमापाचा तक्ता एवढंच मागा. मोजमापाचा तक्ता महत्त्वाचा आहे, कारण माणसं येऊन मोजून जातात तेव्हा अभ्यासिका, गच्चीवरची पत्र्याची शेड, सायकल लावायची जागा हे सगळं कसं धरलंय ते तिथं कळतं, आणि खालची अभ्यासिका एका प्रकारात आणि वरच्या खोल्या दुसऱ्या प्रकारात असं वेगळं धरता येतं.

अजून एक, आणि बहुतेक अर्ज इथंच अडकतात. ही इमारत नक्की कुणाच्या नावावर आहे? पालिकेच्या उताऱ्यावर ट्रस्टचं नाव आहे का ज्यांनी जागा दिली त्या आजोबांचं अजून तसंच आहे? आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीत, म्हणजे पीटीआर उताऱ्यावर, ही मिळकत चढलीय का? जुन्या संस्थांमध्ये देणगी मिळते, बांधकाम होतं, उद्घाटनाला पुढारी येऊन जातात आणि ती मिळकत नोंदीवर चढवायचा बदल अर्ज द्यायचा राहून जातो. कायद्यानं तो ९० दिवसांत द्यायचा असतो, उशीर झाला असेल तर उशीर माफीचा अर्ज जोडून द्यावा लागतो. माफी मागताना पालिका पहिला प्रश्न हाच विचारणार की मिळकत ट्रस्टची आहे हे दाखवा. तेव्हा या आठवड्यात दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण हे दोन उतारे काढून शेजारी शेजारी ठेवून बघा.

हरकतीची मुदत नोटिशीवरच छापलेली असते, ती चुकवू नका, लेखी द्या, आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या. सुनावणीला काका आणि तुम्ही दोघं जा, सोबत ट्रस्टचं रजिस्ट्रेशन, घटना, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, मुलींची यादी त्यांच्या कॉलेजसकट, आणि जेवणखर्चाचा हिशोब एका पानावर. तिथं आवाज चढवायची गरज पडत नाही, आकारणी करणाऱ्याला तुमची संस्था काय करते हे माहीत असायचं कारण नाही, त्यानं बाहेरनं ४० पोरी आणि बोर्ड बघितला असणार. निकाल मान्य नसेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली कोर्टात अपील आहे, पण त्याला मुदत थोडी असते आणि आधी हरकत घेतलेली असणं आणि रक्कम भरलेली असणं या अटी आहेत. आणि हरकत दिली म्हणून बिल भरायचं थांबवू नका ताई, थकलं की महिन्याला २ टक्के शास्ती चढत जाते, वर्षाचे २४ होतात. हरकत कायम ठेवून भरत आहोत असं पत्र देऊन भरा.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, हे सगळं करायला काय लागतं, तर कागद जागच्या जागी लागतात. आणि तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न मला म्हणूनच पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण टँकरची बिलं एका पिशवीत, देणगीची पावतीपुस्तकं दुसऱ्या कपाटात, मुलींचे फॉर्म वॉर्डन मॅडमच्या मोबाईलमध्ये असं असेल तर सुनावणीच्या आदल्या रात्री काही सापडत नाही. पण त्यासाठी दोन लाख लागत नाहीत, एवढं मी नक्की सांगते.

कॉम्प्युटरचं बघू. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालाय, त्यामुळे दुकानदार बदला म्हणतोय ते कारण खोटं नाही, त्या मशीनवर ट्रस्टची बँक उघडणं धोक्याचं आहे. पण बदला म्हणजे नवाच घ्या असं नाही. आधी मशीन कुठल्या सालचं आहे बघा, २०१८ च्या नंतरचं असेल, म्हणजे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल, तर बहुतेक वेळा विंडोज ११ फुकट अपग्रेड होतं. त्याच्या आधीचं असेल तर त्यात एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क आणि ८ जीबी रॅम टाकून घ्या आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, तेही फुकट आहे आणि जुन्या मशीनवर चांगलं पळतं. मराठी टायपिंग होतं, प्रिंटर चालतो, ब्राउझर चालतो, मुलींना अभ्यासिकेत फॉर्म भरायला एवढं खूप झालं. एक अडचण आहे ती आधीच सांगते, हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाही, म्हणून एक मशीन विंडोज ११ चं ठेवा, ते रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला तरी चालेल, मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले बिझनेस मॉडेल असतात, बिल आणि वॉरंटी घेऊनच घ्या. शिवाय शहरात बँका, पतसंस्था, कॉलेजच्या लॅब दर काही वर्षांनी मशीन बदलतात, त्यांना ट्रस्टच्या लेटरहेडवर पत्र द्या, पण येईल ते घेऊन खोली भरू नका, बंद पडलेल्या मॉनिटरचा ढीग म्हणजे तुमच्याच डोक्याला ताप.

चोरीचं विंडोज आणि ऑफिस दुकानदार पाचशे रुपयांत टाकून देतो म्हणाला असेल तर स्वच्छ नाही म्हणा. त्यात व्हायरस येतो हा एक भाग, पण ज्या संस्थेनं कायद्यानं माफी मागायचीय तिनं आपल्या टेबलावर चोरीचा माल ठेवू नये.

ऑफिससाठी लिबरऑफिस घ्या, पूर्ण फुकट आहे, पत्र लिहायला आणि हिशोबाचे तक्ते करायला काही कमी पडत नाही. आणि तुमच्यासारख्या नोंदणीकृत ट्रस्टसाठी मोठ्या कंपन्यांच्या योजना आहेत ज्या आपल्या भागात फार कमी संस्थांना माहीत आहेत. गुगल फॉर नॉनप्रॉफिट्समध्ये वर्कस्पेस फुकट मिळतं, म्हणजे संस्थेच्या नावाचा ईमेल, ड्राइव्ह, मीट सगळं, तुम्हाला फक्त डोमेन, म्हणजे संस्थेच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, घ्यावं लागतं जे साधारण हजार रुपये वर्षाला पडतं. शाळा-कॉलेज चालवणाऱ्या संस्थांना ही योजना नाही, त्यांना गुगलचीच शिक्षणासाठीची वेगळी आहे, पण नुसतं वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टनं अर्ज करायला हरकत नाही. मायक्रोसॉफ्टचंही आहे, आधी दहा जणांना बिझनेस प्रीमियम फुकट मिळायचं ते जुलै २०२५ पासून बंद केलं, आता बिझनेस बेसिक ३०० जणांपर्यंत फुकट आणि बाकीच्यावर सवलत असं आहे, बेसिकमध्ये वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये उघडतात, कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. कॅनव्हाही संस्थांना फुकट आहे, कार्यक्रमाची पत्रिका आणि देणगीचं आवाहन करायला मुली एका तासात शिकतात. या सगळ्याला रजिस्ट्रेशनचा दाखला, ट्रस्टचा पॅन, आयकर विभागाचं ट्वेल्व्ह ए (ट्रस्टच्या करसवलतीचं) आणि एटी जीचं (देणगीदाराच्या करसवलतीचं) पत्र स्कॅन करून तयार ठेवा. नाव सगळीकडं अक्षरानं अक्षर सारखं पाहिजे, पॅनवर एक स्पेलिंग आणि दाखल्यावर दुसरं असलं की तपासणीत परत येतं आणि आठवडे जातात.

अकाउंटिंगचं तुमच्या सीएंना विचारा की मुळात टॅली घ्यायची गरज आहे का. ४० मुलींच्या वसतिगृहाचे महिन्याला किती व्हाउचर असणार, तुम्ही रोजकीर्द नीट तक्त्यात लिहून, बिलं स्कॅन करून महिन्याच्या महिन्याला पाठवली तर बरेच सीए आपल्याच टॅलीत नोंदी घालून शेड्यूल आठ आणि नऊ, म्हणजे ट्रस्टचा ताळेबंद आणि जमाखर्च, काढून देतात, त्यांना थोडे पैसे वाढवून द्या, तरी लायसन्सपेक्षा स्वस्त पडेल. आणि ते वसतिगृह मॅनेजमेंट सॉफ्टवेअर अजिबात घेऊ नका. ४० नावं एका तक्त्यात मावतात. वर्षाला रिन्यूअल, बोटाचे ठसे, पालकांना एसएमएस, हे चारशे मुलींच्या होस्टेलला ठीक आहे.

प्रिंटरबद्दल माझं मत ऐका, साधा काळा-पांढरा लेझर घ्या. शाईचे प्रिंटर स्वस्त दिसतात पण ज्या ऑफिसात आठवड्याला चार पानं निघतात तिथं, त्यात सोलापूरचा उन्हाळा, शाई वाळून हेड जाम होतो. टोनर वाळत नाही.

देणगीसाठी भिंतीवर जो क्यूआर लावलाय तो ट्रस्टच्या खात्याचा आहे ना एकदा बघा, पत्रात तुम्ही कोषाध्यक्षांच्या फोनवर पैसे येतात असं लिहिलंय, ते लगेच बंद करा, ते कितीही सज्जन असले तरी. बँकेत जाऊन ट्रस्टच्या नावाचा क्यूआर मागा. रोख देणगी २ हजाराच्या वर असेल तर देणाऱ्याला एटी जीची सवलतसुद्धा मिळत नाही, मग यूपीआयनंच घ्या, हिशोब आपोआप राहतो.

आणि हे मनापासून सांगते, मुलींचे आधार, फोटो, घरचे पत्ते हे व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. गावाकडनं आलेल्या मुलीचा नंबर आणि ती कुठल्या खोलीत राहते हे चार माणसांच्या मोबाईलमध्ये पडून राहायची गोष्ट नाही. संस्थेच्या ड्राइव्हमध्ये एक फोल्डर, तो तुम्हाला आणि वॉर्डनला दिसेल, बाकी कुणाला नाही. मुलगी वसतिगृह सोडून गेली की नको असलेले कागद काढून टाका. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही झालाय, पण कायदा नसता तरी हे करायलाच पाहिजे होतं. महिन्यातनं एकदा सगळ्याची कॉपी हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क ऑफिसच्या बाहेर, कुणा विश्वस्ताच्या घरी ठेवा.

आता पैसे. मुलींकडनं घ्यायच्या ऐवजी मुलींना जे मिळायला पाहिजे ते मिळतंय का बघा. सामाजिक न्याय विभागाची स्वाधार, आदिवासी विकासची स्वयं, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार, शिवाय पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, या योजना शहरात राहून शिकणाऱ्या पोरांच्या राहण्या-जेवणासाठीच आहेत. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, जात, उत्पन्न, टक्के, कॉलेज कुठलं, सरकारी वसतिगृहात नंबर लागलाय का, हे सगळं बघावं लागतं, पण ४० पैकी किती मुलींनी यांतल्या कशाचा तरी फॉर्म भरलाय ते आज संध्याकाळी जेवणाच्या वेळी विचारा. बहुतेक मुली उत्पन्नाचा दाखला वेळेत आला नाही, पोर्टल चाललं नाही, कॅफेवाल्यानं चुकीचं भरलं म्हणून राहिलेल्या असतात. म्हणून मी तो लिनक्सवाला कॉम्प्युटर अभ्यासिकेत ठेवा म्हणतेय. दीड हजाराचे साडेसोळाशे केले तर कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी त्यातली एखादी पोरगी परत गावाकडं नेली जाते, आणि मुलगी नेली की बहुतेक वेळा लग्नच होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही रोज बघता.

विश्वस्त काकांना दुखवू नका. त्यांना खर्चाची काळजी आहे म्हणूनच ते बोलले, नाहीतर मीटिंगला येऊन चहा पिऊन जाणारे विश्वस्त कमी नाहीत. त्यांनाच हरकतीच्या कामाला लावा, दोन्ही उतारे काढायला त्यांनाच पाठवा, ज्येष्ठ माणूस टेबलासमोर बसला की काम हलतं. आणि दोन लाखांचं कोटेशन परत करताना ठरावात तसं लिहून घ्या, म्हणजे पुढच्या मीटिंगला तोच विषय परत येणार नाही.

नोटिशीवर मुदतीची तारीख कुठली आहे ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये. ती आधी बघा, आणि चार दिवसच उरले असतील तर कागद जमायची वाट न बघता एक पानी हरकत आजच देऊन टाका, कागद सुनावणीला सादर करू असं त्यात लिहा.